कोपऱ्यातली हाक

सुखदेवरावांच्या स्मृतिदिनाला घरात परका माणूस जेवायला असणं काही नवं नव्हतं. ते होते तेव्हा लंडनच्या व्हिक्टोरिया कोच स्टेशनवर भेटलेल्या कुणाही मराठी विद्यार्थ्याला सरळ हॅरोला घेऊन येत, आणि त्यांची बायको रंभाबाई मुकाट्यानं डाळीत पाणी वाढवत. पण यंदाचा पाहुणा मानेला कडक पांढरा पट्टा बांधून आला होता. तो पट्टा का बांधावा लागला, हे टेबलाभोवतीच्या सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणीच त्यावर बोलत नव्हतं.

डॅनी त्याचं नाव. मूळचा हल शहरचा, लाल भुवयांचा, दारातून वाकून यावं लागेल एवढा उंच. आइस हॉकीत बचावाला जोडीजोडीनं उतरतात. रंभाबाईंचा नातू नकुल डावीकडं आणि डॅनी उजवीकडं, अशी ही जोडी शेफील्डमधल्या त्यांच्या क्लबात बरेच सीझन टिकली होती. सुहासला, म्हणजे नकुलच्या बापाला, त्या जोडीचा इतका अभिमान की ऑफिसात तो स्वतःच्या मुलाबरोबर डॅनीचंही कौतुक करायचा.

वंदना झाली होती. बुद्धांच्या मूर्तीपुढं, बाबासाहेबांच्या आणि सुखदेवरावांच्या फोटोपुढं मेणबत्त्या जळत होत्या. डॅनीला मान झुकवता येईना, म्हणून तो बिचारा डोळे मिटून बसला होता. खिडकीबाहेर फेब्रुवारीचं धुकं बागेच्या कुंपणाला चिकटून होतं. दुपार असून घरात दिवे लावावे लागले होते.

रंभाबाई खुर्चीतून सगळ्यांकडं पाहत होत्या. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी माणसाला असं बसून बघण्याचा अधिकार मिळतो. त्यांची लेक श्यामला ब्रिस्टलहून आली होती. विमानांचे पंख तपासायचं तिचं काम, आणि माणसंही ती त्याच नजरेनं तपासायची. सून सीमा स्वयंपाकघरातून ये-जा करत होती, पण डॅनीच्या पट्ट्याकडं तिनं एकदाही सरळ पाहिलं नव्हतं.

"खीर मी आणतो, मॉम," नकुल उठला.

"बस रे. फोडशील काहीतरी," श्यामला म्हणाली. "तुझा धंदाच फोडाफोडीचा."

"आत्या, मी डिफेन्समन आहे. मी फोडत नाही, मी थांबवतो."

"तेच ते. दुसऱ्याची हाडं मोडून थांबवतोस."

सगळे हसले. डॅनीही हसला, कारण नकुलनं त्याला भाषांतर करून सांगितलं. नकुल आत गेला आणि गॅसवरचं खिरीचं पातेलं तसंच उघड्या हातांनी धरून उचलायला लागला. रंभाबाईंना ते खुर्चीतून दिसलं.

"सोड!"

त्या ओरडल्या तशा खिडकीच्या काचा थरथरल्यासारख्या वाटल्या. नकुलनं हात झटकन मागं घेतले. आणि इकडं डॅनीच्या हातातली काचेची ताटली जमिनीवर पडून फुटली.

कुणी काही बोलायच्या आधीच डॅनी उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग पार उडाला होता.

"नक्स," तो नकुलला म्हणाला. क्लबात त्याला सगळे याच नावानं हाक मारत. "नक्स, ती हीच. दॅट्स हर."

"डॅनी, नको. नॉट हिअर."

"मला वाटलं माझ्या डोक्याला मार लागलाय म्हणून मला तसं आठवतंय. पण हीच ती. हाच आवाज."

"काय म्हणतोय हा?" सुहासनं विचारलं.

मग डॅनीनं सांगितलं. इंग्रजीतच, पण इतकं सावकाश की रंभाबाईंना शब्द न् शब्द कळला. बचावाचा खेळाडू कोपऱ्यातली पक, म्हणजे खेळाची रबरी चकती, आणायला जातो तेव्हा त्याची पाठ सगळ्या मैदानाकडं असते. समोर कठडा, वर काच, आणि मागून प्रतिस्पर्धी पूर्ण वेगानं त्याच्यावर येत असतो. अशा वेळी जोडीदारानं मागून ओरडून सांगायचं, कोण येतंय, किती जवळ आलंय. त्या दिवशी डॅनी ओरडणारच होता. पण त्याच्या आधी एक बाई ओरडली. प्रेक्षकांतून नाही. बर्फावरून. त्याच्या कानाशी, इतक्या जवळून की त्याला श्वासाची वाफ लागली.

"आणि नक्सनं पक सोडली, बाजूला झाला. मोकळी पक बघून मी झेपावलो. याच्यावर येणारा माणूस माझ्यावर आला."

मेणबत्तीची वात चरचरली. नकुल खाली बसून काचेचे तुकडे गोळा करत होता.

"फर्स्ट टाइम नव्हता तो," खाली मान घालूनच तो त्याच्या मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाला. "ख्रिसमसपासून होतंय. दर वेळेला. कोपऱ्यात गेलो की आजीची आवाज येते. मी सोडतो आणि वाचतो."

"आणि तू मला बोलला नाहीस?" सुहास म्हणाला.

"काय बोलू, डॅड? आजी ओरडते असं? आजी हॅरोला आहे आणि मी शेफील्डला!"

"योगायोग," श्यामला म्हणाली. "लहानपणीचं डोक्यात बसलेलं असतं. क्वीन्सवेच्या रिंकवर आईच न्यायची ना याला?"

ते खरं होतं. सुहास-सीमा दोघं नोकरीला, म्हणून शनिवारी रंभाबाईच नातवाला स्केटिंग शिकायला रिंकवर न्यायच्या. नऊवारी सोडून किती वर्षं झाली होती, पण पाचवारीवर ओव्हरकोट घालून त्या कठड्याशी उभ्या राहत. पोरगं कठडा घट्ट धरून ठेवायचं. इंग्रज आया आपापल्या मुलांना गोड गोड समजावत असायच्या, आणि या मोठ्यानं एकच शब्द ओरडायच्या. तो कठडा सोडायचा आणि जायचा. पडला तरी जायचा.

"नक्सच्या डोक्यात बसलं असेल," डॅनीला श्यामलाचं म्हणणं समजावल्यावर तो म्हणाला. "पण माझ्या डोक्यात कुठून आलं?"

श्यामला टेबलावरचे चमचे एका ओळीत लावायला लागली.

तेव्हा सीमा बोलली. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हातात पुसायचं फडकं.

"आई मॅचच्या वेळी झोपेत ओरडतात."

"मी?" रंभाबाई म्हणाल्या.

"हो. तुम्ही हीटरपुढं डुलकी काढता आणि मध्येच ओरडता. परत झोपता. आधी मला गंमत वाटायची." तिनं फडक्याची घडी घातली, मोडली. "मग डॅनीचं झालं. त्या दिवशी तुम्ही ओरडलात आणि थोड्या वेळानं हॉस्पिटलमधून नकुलचा फोन आला. आणि आई... तुमच्या पायाखालचं कार्पेट ओलं असतं. दर वेळी. मला वाटायचं, तुमच्या हातून पाणी सांडतंय. मी पुसून टाकते. पण ते पाणी बर्फासारखं गार असतं."

रंभाबाईंनी नकळत पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

त्यांना आठवत काहीच नव्हतं. नाही, अगदीच काही नाही असंही नव्हतं. कधी कधी जाग यायची ती छातीत धडधड होऊन. समोर हीटर लाल, आणि पाय मात्र घोट्यापर्यंत बधिर. नाकात ओल्या हातमोज्यांचा आणि रबराचा वास. वयाचं दुखणं समजून त्या परत डोळे मिटायच्या. सुखदेवरावांनी या घरात भूतखेत, नजर, अंगारे काही येऊ दिलं नव्हतं. मेलेला माणूस परत येत नाही, आणि जिवंत माणूस एका वेळी दोन ठिकाणी असत नाही, असं ते पोरांना बजावून सांगत. पहिल्या अर्ध्यावर रंभाबाईंचा अजून पूर्ण विश्वास होता.

त्यानंतर जो गोंधळ उडाला, त्यात घरातल्या बाजू इतक्या भराभर बदलल्या की रंभाबाईंना कोण कुठं आहे हेच कळेना. सुहास, ज्यानं मुलाच्या हॉकीसाठी बायकोशी अर्धं आयुष्य भांडण केलं होतं, तो म्हणाला, "बस झालं. उद्याची मॅच तू खेळत नाहीस. प्लेऑफ गेलं खड्ड्यात."

"डॅड, टीममध्ये आता मीच सिनिअर आहे. डॅनी आऊट आहे. मी पण नाही गेलो तर?"

"तर हरतील. हरू देत."

आणि सीमा, जिनं मुलाची एकही मॅच धड डोळे उघडे ठेवून पाहिली नव्हती, ती सासूच्या खुर्चीशी येऊन गुडघ्यांवर बसली.

"तो काही ऐकणार नाही. मी ओळखते त्याला. आई, तुम्ही थांबू नका. काय असेल ते असो. उद्या मॅचच्या वेळी मी तुम्हाला नीट शाल पांघरून झोपवते. तुम्ही फक्त झोपा."

"वहिनी, अगं काय बोलतेस?" श्यामला म्हणाली. "आणि तो मार दुसऱ्या कुणाला बसला तर? हा मुलगा समोर बसलाय पट्टा बांधून."

"मला माझा एकच मुलगा आहे, श्यामलाताई."

डॅनीला मराठी येत नव्हती, पण त्याला कळलं असावं. तो उठून बागेकडच्या दाराशी गेला. थोड्या वेळानं रंभाबाईही काठी टेकत त्याच्यामागं गेल्या. धुक्यात शेजारच्यांचा दोरीवरचा टॉवेल तेवढा दिसत होता.

"सॉरी, नॅन," तो म्हणाला. आजीला तो नॅनच म्हणायचा. "प्लेटबद्दल."

"प्लेट राहू दे. तुला माझा राग येतो?"

त्यानं विचार केला. "नाही. मला राग नाही, भीती वाटते. तुमची नाही." मान वळत नव्हती म्हणून तो सगळ्या अंगानं त्यांच्याकडं वळला. "कोपऱ्यात जाताना पहिली गोष्ट शिकवतात ती म्हणजे खांद्यावरून मागं बघ. पकला हात लावायच्या आधी बघ. नक्स लीगमध्ये सगळ्यांत चांगलं बघायचा. ख्रिसमसपासून तो बघतच नाही. थांबतो. तुमची वाट बघतो."

रंभाबाईंनी काठी दुसऱ्या हातात घेतली.

"आणि तुम्ही कायमच्या नाही ना, नॅन," डॅनी हळूच म्हणाला.

त्या वाक्याचं त्यांना वाईट वाटलं नाही. उलट इतक्या गलक्यात कुणीतरी एक खरी गोष्ट बोललं म्हणून बरंच वाटलं. आपण नातवाला वाचवत नव्हतो. आपण त्याची मान धरून ठेवली होती. एक दिवस हीटरपुढची खुर्ची रिकामी असेल, आणि पोरगा कोपऱ्यात पाठ करून उभा राहील, हाकेची वाट बघत.

आत येऊन त्यांनी नकुलला समोर बसवलं.

"उद्या खेळायचंय तुला?"

"हो."

"मग मी येते. पहिल्या रांगेत बसते, जागी. तोंड मिटून. उद्या तुला कुणी हाक मारणार नाही. तू स्वतः बघायचं."

"आई!" सीमा किंचाळली.

"तू बोलू नकोस. हा माझा आवाज आहे, कुणाला द्यायचा ते मी ठरवीन."

नकुल त्यांच्याकडं बघत राहिला. तो घाबरला होता, हे त्यांना दिसलं. एवढा थोरला, नाक दोनदा मोडलेला माणूस.

"आणि मी विसरलो तर, आजी? हॅबिट झालीय."

"तर मार खाशील," त्या म्हणाल्या. आवाज मात्र त्यांनी हलू दिला नाही.

*

गुडघे गेल्यापासून रंभाबाईंनी रिंकमध्ये पाऊल टाकलं नव्हतं. नकुलचा हा क्लब, हे शहर, ही रिंक त्यांनी कधीच पाहिली नव्हती. तरी दार ढकलून आत शिरताच त्यांचे पाय थांबले. डावीकडं लाल अक्षरांची पाटी असणार, हे त्यांना आधीच ठाऊक होतं. छताला एक दिवा लुकलुकत असणार, तोही होता. तोच रबराचा, ओल्या हातमोज्यांचा वास. समोर पांढरं, दुधासारखं पांढरं मैदान. त्याच्या डाव्या कोपऱ्याकडं पाहिल्यावर त्यांना वाटलं, इथं आपण उभ्या राहिलो आहोत. अनेकदा.

"थंडी वाजतेय का?" सुहासनं विचारलं.

"नाही," त्या म्हणाल्या. आणि खरंच वाजत नव्हती. पायांना सवय असल्यासारखं वाटत होतं.

काचेमागं पहिल्याच रांगेत, त्या कोपऱ्याजवळ त्यांना जागा मिळाली. एका बाजूला डॅनी, दुसऱ्या बाजूला सीमा. सीमा सकाळपासून त्यांच्याशी बोलली नव्हती. सुहास आणि श्यामला मागच्या रांगेत. श्यामलानं हाताची घडी घातली होती, जणू कुणाला तरी चूक काढायची संधीच द्यायची नाही.

खेळ सुरू झाला. रंभाबाईंना त्यातलं फार कळत नव्हतं, पण नकुल कळत होता. बाकी सगळे पुढं धावत, तो उलटा सरकत जायचा, तोंड येणाऱ्यांकडं, पाठ आपल्या गोलाकडं. आजोबांसारखेच रुंद खांदे. दोनदा पक कोपऱ्यात आली, दोन्ही वेळा नव्या जोडीदारानं ती आधी गाठली. सीमा डोळे मिटून घेई आणि गर्दीचा आवाज उतरला की उघडायची.

शेवटच्या सत्रात ते झालं.

पक कठड्याला आपटून सरपटत नेमकी त्यांच्यापुढच्या कोपऱ्यात आली. नकुल तिच्यामागं आला. काचेपलीकडं, हात लांबवला तर लागेल इतक्या जवळ. हेल्मेटच्या जाळीमागं त्याचा चेहरा त्यांना स्पष्ट दिसला. आणि त्याच्यामागं, अजून लांब पण वाढत, सोळा नंबरचा माणूस. वेगानं, खांदा पुढं करून.

नकुल थांबला. काठी पकवर, मान खाली. डॅनी म्हणाला होता तसाच. तो वाट बघत होता.

रंभाबाईंनी मफलरचं टोक दातांत धरलं. एवढ्या जोरानं की कवळी टोचली. शब्द घशाशी आला होता, एखादी जिवंत वस्तू यावी तसा. त्यांनी तो गिळला. डोळ्यांत पाणी आलं. सीमानं त्यांचं मनगट पकडलं. ओरडा म्हणून की नको म्हणून, ते तिलाही माहीत नसावं.

आणि तेव्हा हाक आली.

काचेच्या आतून. बर्फावरून. त्यांचाच आवाज, पण आत्ताचा नाही. सगळे दात शाबूत असतानाचा, कठड्याशी ओव्हरकोट घालून उभ्या असलेल्या बाईचा. आसपासच्या लोकांपैकी कुणीही वळून पाहिलं नाही. समोरचा माणूस चिप्स खात राहिला. पण डॅनीच्या तोंडून एक बारीक आवाज निघाला, आणि सीमा रंभाबाईंच्या मिटलेल्या तोंडाकडं डोळे फाडून बघत राहिली.

नकुलचे खांदे सैल पडले. हात पकवरून उचलले जात होते.

मग ते थांबले.

त्यानं मान वळवली. खांद्यावरून, पूर्ण, अगदी हळू वाटावं अशी. रंभाबाईंना त्याच्या मानेची शीर दिसली. पुढच्याच क्षणी सोळा नंबर त्याच्यावर आदळला. काच खणखणली, त्यांच्या तोंडासमोर बर्फाचा चुरा उडाला. पण नकुलनं तोवर अंग वळवून घेतलं होतं. मार खांद्यावर आला, मानेवर नाही. एक गुडघा टेकला, पुन्हा उठला, आणि पक त्याच्याच काठीशी होती. ती त्यानं जोडीदाराकडं ढकलली आणि उलटा सरकत निघून गेला, जसं काही झालंच नाही.

"ही लुक्ड," डॅनी पुटपुटला. "नॅन, त्यानं बघितलं." मान हलवता येत नव्हती, म्हणून त्यानं अश्रू तसेच ओघळू दिले.

मागून श्यामला म्हणाली, "काय झालं? मी काही पाहिलं नाही. काय झालं?"

*

परतताना नकुल पुढं बापाशेजारी बसला. मॅच हरली होती. डॅनी तिथंच आपल्या घरी गेला होता, आणि श्यामला स्टेशनवरून ब्रिस्टलची ट्रेन धरायला गेली होती. जाताना तिनं आईच्या गालाला गाल लावला होता, जे ती सहसा करत नसे. मोटरवेवर धुकं होतं. समोरच्या गाड्यांचे लाल दिवे तेवढे दिसत आणि विरत.

"आजी," नकुल समोर बघतच म्हणाला. "तू हाक मारलीस शेवटी. प्रॉमिस करून पण."

"नाही मारली," सीमा म्हणाली. दिवसभरात तिचं ते पहिलं नीट वाक्य. "मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते. मफलर दातांत होता. तोंड मिटलेलं होतं."

सुहासनं आरशातून मागं पाहिलं आणि नजर पुन्हा रस्त्यावर नेली. वायपर एकदा काचेवरून फिरला.

"म्हणजे... मग..." नकुलनं वाक्य अर्धवट टाकलं. मग वेगळ्याच आवाजात म्हणाला, "मला वाटलं तू मागे उभी आहेस. बर्फावर. म्हणून मी वळलो. तुला बघायला. पण तू नव्हती. तो सिक्स्टीन होता फक्त. येत होता." तो थोडं हसला. "बरा झाला बघितलं."

रंभाबाईंना सांगायचं होतं, असंच बघत जा रे बाळा. कुणीही हाक मारो, कितीही ओळखीच्या आवाजात मारो, तू आपला बघत जा. त्यांनी तोंड उघडलं.

आवाज आला नाही.

त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. घसा सोलवटल्यासारखा दुखत होता, सबंध हिवाळा ओरडत काढावा तसा. आत नुसती हवा होती. सीमाच्या ते लक्षात आलं. तिनं घाईनं पर्समधली पाण्याची बाटली काढून त्यांच्या हातात दिली आणि त्यांचे पाय शालीत गुंडाळायला वाकली. क्षणभर ती तशीच वाकून राहिली. मग त्यांच्या ओल्या मोज्यांभोवती शाल घट्ट लपेटली.

पुढं नकुल उत्तराची वाट बघत होता. धुक्यातून एक लॉरी घरघरत गेली. आजी बोलेना. मग त्यानं सीटबेल्ट ओढून सैल केला, दुखऱ्या खांद्यावरून मान वळवली, आणि त्यांच्याकडं पाहिलं.

रंभाबाईंनी मान डोलावली.

तो आणखी थोडा वेळ बघत राहिला.